५-एचटीपीने उंदराला झटके येतात, मग पेशंटचे झटके थांबतात कसे?

प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. विचारणारे कोल्हापुरातल्याच एका फार्मसी कॉलेजात एम.फार्मला आहेत. खाजकुइलीच्या बियांचा अर्क मायोक्लोनसवर (स्नायूंना अचानक झटके येण्याच्या त्रासावर) चालतो का ते बघायचंय, त्यासाठी माइसना (लहान उंदरांना) ५-एचटीपी, म्हणजे शरीरात ज्याचं सेरोटोनिन हे मेंदूतलं निरोप नेणारं रसायन होतं ते, देऊन डोक्याचे झटके मोजले, अर्काने झटके निम्म्याहून कमी झाले, गाईड खूश. मग वाचता वाचता त्यांना सापडलं की माणसांत मायोक्लोनसवर ५-एचटीपी हेच औषध म्हणून दिलेलं आहे. मग सेरोटोनिन वाढलं की झटके येतात का कमी झालं की येतात, आणि व्हायवात (तोंडी परीक्षेत) एक्स्टर्नलने, म्हणजे बाहेरच्या परीक्षकाने, हेच विचारलं तर सांगायचं काय?

मी बरीच वर्षं फार्माकॉलॉजी शिकवतोय आणि असले प्रोजेक्ट दरवर्षी हाताखालून जातात, त्यामुळे स्पष्ट सांगतो. वाढलं का कमी झालं या प्रश्नाला उत्तर नाहीये, कारण प्रश्नात 'झटका' ही एकच गोष्ट धरलीय. प्रत्यक्षात झटका कुठला, प्राणी कुठला, त्याच्या मेंदूतले सेरोटोनिनचे तंतू शाबूत आहेत का आधीच मेलेत, आणि कुठला रिसेप्टर (पेशीवरची सेरोटोनिन पकडणारी जागा) बोलतोय, या चार गोष्टी ठरल्याशिवाय दोन्ही उत्तरं बरोबर आणि दोन्ही चूक. सेरोटोनिनच्या रिसेप्टरच्या सात फॅमिली आहेत, त्यात चौदा-एक प्रकार, त्यातला ५-एचटी३ सोडला तर बाकी सगळे जी-प्रोटीनवाले, म्हणजे पेशीच्या आतल्या जी-प्रोटीनमार्फत काम करणारे, आणि ते कुठे पेशीला दाबतात तर कुठे चेकाळवतात. एवढ्या पसाऱ्यात सेरोटोनिन चांगलं का वाईट असं विचारून काही हाती लागत नाही.

आता तुम्ही जे मोजलं त्यापासून सुरू करू. माइसला १०० ते २०० मिलिग्रॅम प्रति किलोच्या आसपास ५-एचटीपी पोटात टोचून दिलं की थोड्या वेळाने डोकं झर्रकन डावी-उजवीकडे फिरतं, कानात पाणी गेल्यासारखं, आणि पापणी लवेपर्यंत संपतं पण. याला हेड ट्विच म्हणतात. १९६३ मध्ये कॉर्न, पिकरिंग आणि वॉर्नर यांनी हे झटके मोजायची पद्धत मांडली, औषधांचा मेंदूतल्या सेरोटोनिनवर काय परिणाम होतो ते तपासायला. पुढे कळलं की हे काम मुख्यतः ५-एचटी२ए रिसेप्टरचं आहे. २००७ मध्ये गोन्झालेझ-माएसो यांच्या गटाने २ए रिसेप्टर नसलेले माइस घेतले तर एलएसडी देऊनही त्यांनी डोकं हलवलं नाही, आणि फक्त कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या बाहेरच्या थरात) रिसेप्टर परत आणला तर हलवायला लागले. म्हणून आज ही टेस्ट जगभर हॅल्युसिनोजेन (एलएसडीसारखी भास करणारी द्रव्यं) ओळखायला वापरतात. आपल्याकडच्या कॉलेजांत ती वेगळ्याच कामाला वापरतात ते तुम्हालाही माहीत असेल, अँटिडिप्रेसंटच्या स्क्रीनिंगला. फ्लुऑक्सेटिनसारखं औषध आधी दिलं आणि मग ५-एचटीपी दिलं तर झटके वाढतात, आणि वाढले म्हणजे औषधाला गुण आहे असं धरतात. लिथियमने येणारे हेड ट्विच मोजतात ते पण याच भावकीतलं.

म्हणजे बघा, तुमच्या शेजारच्या टेबलवर कुणीतरी याच टेस्टमध्ये झटके वाढले म्हणून खूश आहे आणि तुम्ही कमी झाले म्हणून. दोघांचे आकडे खरे असू शकतात. फक्त दोघांपैकी कुणीच मायोक्लोनस मोजलेला नाही.

का नाही ते सांगतो. मायोक्लोनस म्हणजे स्नायूचा किंवा स्नायूंच्या गटाचा अचानक, क्षणिक, विजेसारखा झटका, ज्यात कामाची अशी काही हालचाल नसते. हेड ट्विच ही मात्र पूर्ण जुळवलेली हालचाल आहे, मानेचे दोन्ही बाजूंचे स्नायू पाळीपाळीने चालतात आणि निरोगी उंदीरसुद्धा कानाला काही लागलं की हीच हालचाल करतो. रॅटमध्ये (मोठ्या जातीच्या उंदरात) हीच गोष्ट अंगभर होते, भिजलेला कुत्रा अंग झाडतो तशी, नावही तेच आहे, वेट डॉग शेक. आणि रॅटला सेरोटोनिन जास्तच झालं तर पुढचे पाय तुडवल्यासारखे चालतात, मागचे पाय फाकतात, पोट जमिनीला टेकतं, शेपूट ताठ होते, डोकं डोलतं. ते सेरोटोनिन सिंड्रोम, त्यात ५-एचटी१ए चा हात मोठा आहे, ८-ओएच-डीपॅट हे १ए चालू करणारं रसायन दिलं तरी त्यातलं बरंचसं दिसतं. तोही मायोक्लोनस नाही. लांबून सगळं 'उंदीर थरथरतोय' असंच दिसतं, म्हणून घोटाळा होतो.

खरा मायोक्लोनस ५-एचटीपीने बघायचा असेल तर गिनीपिग. १९७३ मध्ये क्लॉवन्स आणि सहकाऱ्यांनी हे मॉडेल मांडलं. गिनीपिगला ५-एचटीपी दिलं की डोक्या-मानेकडून सुरू होऊन सगळ्या अंगाला, दोन्ही बाजूंना एकदम, तालात झटके यायला लागतात. लंडनच्या जेनर-मार्सडेन मंडळींनी नंतर त्यावर भरपूर काम केलं आणि त्यातून पुढे आलं की हे झटके ब्रेनस्टेममध्ये (मेंदूच्या बुंध्यात) तयार होतात, कॉर्टेक्समध्ये नाही. अजून एक गंमत, इंडोल सांगाडा असलेले सेरोटोनिन अगोनिस्ट (सेरोटोनिनचे रिसेप्टर चालू करणारी द्रव्यं) गिनीपिगमध्ये हे झटके आणतात पण क्विपाझिनसारखे पिपराझिनवाले आणत नाहीत, आणि हेच क्विपाझिन रॅट-माइसमध्ये डोकं मात्र व्यवस्थित हलवतं. या एकाच गोष्टीवरून कळतं की हे दोन झटके वेगवेगळ्या रिसेप्टरचे आहेत. व्हायवात हे एक वाक्य नीट सांगितलं तर पुढचा अर्धा प्रश्न तिथेच मिटतो.

मग रॅटला असा मायोक्लोनस येतच नाही का? येतो, पण आधी त्याचे सेरोटोनिनचे तंतू मारावे लागतात. मेंदूत ५,७-डायहायड्रॉक्सिट्रिप्टामिन हे त्या तंतूंना मारणारं रसायन सोडतात (त्याआधी डेसिप्रामिन देतात, नाहीतर नॉरअ‍ॅड्रेनालिनचे तंतूपण जातात) आणि काही दिवसांनी ५-एचटीपी देतात. साध्या रॅटमध्ये ज्या डोसला विशेष काही होत नाही त्याच डोसला या रॅटला जोरदार झटके येतात. कारण दोन. एक म्हणजे बरेच दिवस सेरोटोनिन न मिळाल्याने रिसेप्टर हावरे झालेले असतात, वर्षभर अळणी जेवणाऱ्याला एकदम तांबडा रस्सा वाढला तर जे होईल ते. दुसरं म्हणजे सोडलेलं सेरोटोनिन परत ओढून घेणारे तंतूच उरलेले नसतात, त्यामुळे जे तयार होतं ते तिथेच रेंगाळतं. हे दुसरं कारण पोरं हमखास विसरतात.

आता उलटी बाजू, जिथे ५-एचटीपीने झटके थांबतात. त्याचं मूळ माणसांत आहे. लान्स आणि अ‍ॅडम्स यांनी १९६३ मध्ये, म्हणजे योगायोगाने हेड ट्विचच्याच वर्षी, चार पेशंट मांडले, मेंदूला ऑक्सिजन कमी पडून वाचलेले, आणि नंतर हात उचलायला गेलं, घास तोंडाला न्यायला गेलं की झटके येणारे. असल्या पेशंटच्या पाठीच्या पाण्यात ५-एचआयएए, म्हणजे सेरोटोनिन मोडून जे उरतं ते, कमी सापडलं, म्हणून सत्तरच्या दशकात ५-एचटीपी देऊन बघितलं आणि काहींना खरंच फरक पडला. व्हॅन वोर्ट यांनी १९७७ मध्ये कार्बिडोपासोबत (ते ५-एचटीपीचं मेंदूबाहेरच सेरोटोनिन होऊ देत नाही) ते दीर्घकाळ दिल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. आज डॉक्टर साधारण क्लोनाझेपाम, व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासिटाम यांच्याकडे जातात, पण सेरोटोनिनची थिअरी रुजली ती तिथून. आणि माणसांतसुद्धा ही एकाच दिशेची गोष्ट नाही बरं का, डाऊन सिंड्रोमच्या लहान बाळांना ५-एचटीपी दिल्यावर काहींना इन्फंटाइल स्पाझम (बाळांच्या फिटचा एक प्रकार) सुरू झाल्याचं कोलमन यांनी १९७१ मध्येच लिहून ठेवलंय.

प्राण्यांत या बाजूची मॉडेल म्हणजे रॅटचं हृदय काही मिनिटं थांबवून परत चालू करतात, आणि मग वाचलेल्या रॅटला टक-टक आवाज ऐकवला की प्रत्येक टक् ला झटका येतो. ट्रूआँग यांच्या गटाचं १९९४ मधलं काम हेच. तिथे ५-एचटीपी, क्लोनाझेपाम आणि व्हॅल्प्रोएटने झटके कमी होतात. दुसरं जुनं मॉडेल डीडीटीचं, माइसला पी-पी-डीडीटी दिलं की मज्जातंतूतले सोडियम चॅनेल वेळेवर बंद होत नाहीत आणि झटके येतात, ५-एचटीपीने तेही उतरतात. हृदय थांबवायचं मॉडेल मात्र तुमच्या डोक्यात आलं असेल तर काढून टाका, व्हेंटिलेटर, धमनीतलं प्रेशर, वाचणाऱ्या प्राण्यांचं प्रमाण, एम.फार्मच्या मुदतीत ते बसणारं नाही.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर असं. तंतू शाबूत असलेल्या माइसमध्ये ५-एचटीपी २ए मार्फत डोकं हलवतं. गिनीपिगमध्ये ते ब्रेनस्टेम चेकाळवतं. तंतू मेलेल्या रॅटमध्ये हावऱ्या रिसेप्टरवर तुटून पडतं. आणि ऑक्सिजन कमी पडलेल्या मेंदूत, जिथे सेरोटोनिनचा लगाम सुटलाय असं मानतात, तिथे तो लगाम थोडा परत लावतं. औषध एकच, पण खालची जमीन चार ठिकाणी चार प्रकारची.

आता तुमच्या अर्काकडे येतो, कारण मला खरी काळजी तिथली आहे.

खाजकुइलीच्या बियांत एल-डोपा असतं, आणि थोडंथोडकं नाही, काही टक्क्यांत असतं. (शेंगेवरच्या कुसांत तर सेरोटोनिनच असतं, पण ते तुमच्या अर्कात यायचं कारण नाही, बिया नीट साफ केल्या असतील तर.) आता ५-एचटीपीचं सेरोटोनिन करणारं एन्झाइम आणि एल-डोपाचं डोपामिन करणारं एन्झाइम एकच आहे, अ‍ॅरोमॅटिक अमिनो अ‍ॅसिड डीकार्बोक्सिलेज. शिवाय रक्तातून मेंदूत शिरताना दोघं एकाच दारातून जातात, मोठ्या न्यूट्रल अमिनो अ‍ॅसिडच्या ट्रान्सपोर्टरने. म्हणजे तुमचा अर्क पोटात गेला तेव्हा एल-डोपाने दारातही आणि एन्झाइमवरही ५-एचटीपीला धक्काबुक्की केली असणार, मेंदूत सेरोटोनिन कमी तयार झालं असणार, आणि झटके निम्मे झाले असणार. रिसेप्टरवर काहीही न करता! तुम्ही कार्बिडोपा वापरलं असेल तर गुंता अजून वाढतो, कारण कार्बिडोपा मेंदूबाहेरचं रूपांतर अडवतं, ते ५-एचटीपीला वाचवायला दिलं तरी अर्कातल्या एल-डोपालाही तेवढंच वाचवतं, मग मेंदूत डोपामिन वाढतं आणि उंदीर पिंजराभर धावत सुटतो किंवा तेच तेच हुंगत बसतो. धावणाऱ्या उंदराचे डोक्याचे झटके मोजणं म्हणजे काय ते तुम्ही केलं असेल तर माहीतच असेल.

हे तपासायला फार खर्च नाही. ५-एचटीपीऐवजी सरळ २ए वर बसणारा अगोनिस्ट घ्या, डीओआय मिळालं तर उत्तम, नाहीतर क्विपाझिन. यांना त्या एन्झाइमची गरजच नाही. अर्काने डीओआयचे झटकेही कमी केले तर रिसेप्टर किंवा त्याच्या पुढच्या टप्प्यावर काहीतरी होतंय असं म्हणता येईल. ५-एचटीपीचे कमी झाले आणि डीओआयचे तसेच राहिले तर गोष्ट रूपांतराची आहे. सोबत एक गट शुद्ध एल-डोपाचा ठेवा, अर्कात जेवढं निघालं तेवढ्याच डोसचा, त्यासाठी एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) अर्कातलं एल-डोपा मोजून घ्यावं लागेल, ते तसंही थिसिसमध्ये असायलाच हवं. पीसीपीए देऊन बघू का असं कुणी सुचवेल, तर लक्षात घ्या की पीसीपीए ट्रिप्टोफॅन हायड्रॉक्सिलेज, म्हणजे ट्रिप्टोफॅनचं ५-एचटीपी करणारं एन्झाइम, अडवतं आणि ५-एचटीपी त्या पायरीच्या पुढचं आहे, त्यामुळे इथे त्याने तुमचा प्रश्न सुटत नाही.

आणि झोप. अर्काने उंदीर पेंगुळला तर झटके कमी होणारच, कुठल्याही पेंगुळवणाऱ्या गोष्टीने होतात. अ‍ॅक्टोफोटोमीटर आणि रोटारॉड (पहिलं हालचाल मोजतं, दुसरं तोल) दोन्ही आपल्या कॉलेजांत धूळ खात पडलेले असतात, ते वेगळ्या गटावर त्याच डोसला करा. तुलनेला केटान्सेरिन (२ए अडवणारं) ठेवा, ते नाही मिळालं तर सिप्रोहेप्टाडिन, ते शुद्ध २ए वालं नाही पण मिळायला सोपं.

मोजणीबद्दल थोडं, कारण कागदावर हे कुणी लिहीत नाही. माइसना पिक्रिक अ‍ॅसिडने खुणा करता ना, त्या शेपटीला किंवा पाठीवर करा, डोक्यावर किंवा कानाजवळ नको, तिथे ओलं झालं, चुरचुरलं की उंदीर डोकं झटकतोच आणि ते तुमच्या आकड्यात जातं. मागच्या पायाने कान खाजवल्यानंतर लगेच आलेला झटका धरायचा का नाही हे आधी ठरवून लिहून ठेवा, मी धरू देत नाही. ५-एचटीपीचं द्रावण जास्त आम्लधर्मी राहिलं तर उंदीर पोट आवळून अंग ताणतो, म्हणून देण्याआधी पीएच बघा. मोबाईलवर व्हिडिओ काढा पण स्लो-मोशनमध्ये, साध्या व्हिडिओत एक झटका दोन-तीन फ्रेममध्ये संपतो आणि मग मोजणारे दोघं भांडत बसतात. व्हिडिओ बघणाऱ्याला गट माहीत नको, आणि तो मोजणारा तुम्ही स्वतः नको. आकडे आले की सवयीने अ‍ॅनोव्हा मारू नका, कंट्रोलमध्ये बरेच शून्य असतात, क्रुस्कल-वॉलिस बघा.

तापमान आणि आवाज तर आपल्या गावात वेगळेच विषय आहेत. सेरोटोनिन वाढलेल्या प्राण्याच्या अंगाचं तापमान खोलीच्या तापमानाबरोबर हेलकावे खातं, उबदार खोलीत त्याच डोसला ताप चढतो आणि प्राणी दगावूही शकतो, म्हणून एप्रिलमध्ये लाईट जाऊन एसी बंद पडला असेल त्या दिवशीचे आकडे आणि जुलैच्या पावसातले आकडे एकत्र करू नका. प्रत्येक बॅचला खोलीचं तापमान वहीत लिहा, आणि एका दिवशी सगळ्या गटांतले थोडे थोडे प्राणी घ्या, सोमवारी कंट्रोल आणि गुरुवारी टेस्ट असं नको. आणि गणपतीत तर प्रयोग ठेवूच नका. डॉल्बीच्या दणक्याने आपल्या खिडक्या थरथरतात तिथे उंदराचं काय, दचकणं आणि झटका यातला फरक त्या आठवड्यात कुणालाही करता येणार नाही. मिरवणूक संपल्यावरही चार दिवस जाऊ द्या.

गिनीपिगवर जायचं का? ते तुमच्या हातात किती महिने आहेत त्यावर आहे. प्राण्याची जात बदलली की नवीन फॉर्म बी (प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज), ती परवानगी देणाऱ्या कमिटीची मीटिंग, मग रजिस्टर्ड ब्रीडरकडून प्राणी मागवणं, मग ते रुळेपर्यंत थांबणं. एक वर्ष हातात असेल तर जा, कामाला वजन येईल. मार्चमध्ये सबमिशन असेल तर माइसवरच राहा आणि शीर्षकातून मायोक्लोनस हा शब्द काढा. '५-एचटी२ए संबंधित हेड ट्विचवर खाजकुइली बीज अर्काचा परिणाम' एवढंच ठेवलं तरी काम पूर्ण प्रामाणिक आणि छापण्याजोगं होतं. गाईडना हे रुचणार नाही कदाचित, मायोक्लोनस म्हटलं की भारी वाटतं, पण त्यांना क्विपाझिनवाली ती गोष्ट सांगा, गिनीपिगमध्ये झटके नाहीत आणि रॅट-माइसमध्ये डोकं हलतं, ती ऐकल्यावर सहसा कुणी हट्ट धरत नाही.

डीओआयचे गट वाढवायचे म्हणजे माइसची संख्या वाढणार, तेव्हा जात तीच राहिली तरी कमिटीकडे अमेंडमेंट टाकावीच लागेल. पुढची मीटिंग कधी आहे ते ऑफिसात आजच विचारून ठेवा, आणि केमिकलची ऑर्डर मंजुरीची वाट न बघता कोटेशनपर्यंत तरी नेऊन ठेवा, यायला वेळ लागतो. एचपीएलसीचा रिपोर्ट हातात आला की इथेच टाका, एल-डोपाचा डोस काढायला मदत करतो.